साहेबाचा निवद

शालूबाईचे हात सिमेंटनं खाल्ले होते. बोटांच्या पेरांना बारीक भोकं पडली होती आणि तळहाताचं कातडं उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखं सुटत होतं. चुलीपुढं बसून ती त्यावर खोबरेल चोळत होती आणि वरून पिराजीच्या जुन्या धोतराच्या चिंध्या गुंडाळत होती. वैशाखातलं ऊन अजून कौलांवर यायचं होतं, तरी घर आतून तापलेलंच होतं.

"रबरी हातमोजे मिळतात की आई," अनुजा म्हणाली.

"मिळत्यात. दोन दिस टिकत्यात. आत घाम साटून हात कुजत्यात ते येगळंच." शालूबाईनं दातानं गाठ ओढली. "तुझ्या पुस्तकात लिवलंय व्हय?"

लिहिलं होतं. बांधकामावरच्या सुरक्षेचं अख्खं प्रकरण होतं आणि अनुजानं ते पाठ करून दहापैकी नऊ मार्क मिळवले होते. हाताला चिंधी कशी बांधायची, ते त्यात नव्हतं.

कोल्हापूरच्या कडेला एका कॉलेजात ती सिव्हिल इंजिनिअरिंग शिकत होती. तिसरं वर्ष नुकतंच संपलं होतं. सुट्टीत सहा आठवडे साइटवर काढायचे आणि ठेकेदाराच्या सहीशिक्क्याचा दाखला आणायचा. तो नसला तर चौथ्या वर्षाला बसू देत नव्हते. वर्गातल्या निम्म्या पोरांनी मामा-काकांच्या लेटरहेडवर घरबसल्या दाखले आणले. अनुजाला मामा एकच, आणि तो कागलच्या स्टँडजवळ उसाचा रस काढायचा. मग शालूबाईनंच ठेकेदार उदयसिंहापुढं शब्द टाकला. त्याच्या कामांवर ती बारा वर्षं घमेली वाहत होती. आता तो गावातल्याच शाळेच्या दोन खोल्या बांधत होता. जुनी शाळा पाडून झाली होती आणि पोरं वर्षभर समाजमंदिरात, भांड्याकुंड्यांच्या आणि मांडवाच्या बांबूंच्या मधे बसत होती. आज त्या खोल्यांचा स्लॅब पडायचा होता.

म्हशीला वैरण टाकून पिराजी आत आला. तीन वर्षांपूर्वी उसाच्या मोळीखाली त्याची कंबर गेली होती, तेव्हापासून तो चालताना एका अंगाला कलायचा. खुंटीवरचं पिवळं हेल्मेट त्यानं लेकीच्या हातात दिलं.

"चला. मायलेकी एकाच कामावर. एकीच्या डोस्क्यावर घमेलं, एकीच्या डोस्क्यावर टोपी."

"हसा," शालूबाई म्हणाली. "टोपी बी माझ्या घमेल्यातनंच आलीया."

साइटवर आठ वाजताच मिक्सर घरघरायला लागला. खालून वर शिडीवर बायकांची ओळ लागली, घमेलं हातोहात चढू लागलं. अनुजा मिक्सरजवळ उभी राहून मोजत होती. सिमेंटच्या एका पोत्यामागं वाळू-खडीची दहा घमेली पडायला हवीत. ती सोळा पडत होती. तिनं पुन्हा मोजलं. पुन्हा सोळा.

तिनं कॉलेजातून मागून आणलेला पत्र्याचा शंकू काढला, त्यात काँक्रीट भरलं, सळईनं ठासलं आणि शंकू सरळ वर उचलला. काँक्रीट किती खाली बसतं ते मोजायचं असतं. हे बसलं नाहीच. ताकासारखं पसरलं आणि तिच्या बुटांवर आलं.

कॉलेजात हा प्रयोग तिनं वहीत लिहिला होता. हातानं केला नव्हता. वर्गात कुणीच केला नव्हता. वरच्या वर्गाच्या वह्या खालच्या वर्गाला मिळायच्या आणि सगळ्यांच्या वहीत उत्तर एकच असायचं, पंचाहत्तर मिलिमीटर. दहा वर्षं त्या कॉलेजातलं काँक्रीट न मिसळता, न ओतता, बरोबर पंचाहत्तर मिलिमीटर खाली बसत होतं.

"पाणी फार झालंय," ती मिक्सरवाल्याला म्हणाली. त्यानं ऐकलं नाही, पण ओळीतल्या झुंबरबाईनं ऐकलं.

"इंजिनेरीणबाई, घट्ट असलं की घमेलं दीडपट जड हुतंय. ह्ये येक डोस्क्यावर घ्या, शिडी चढा, मग पान्याचं बोला."

ओळ हसली. अनुजानं हेल्मेट काढलं, चुंबळ मागून घेतली आणि एक घमेलं वर नेऊन दिलं. मान खांद्यात गेली. कानामागून सिमेंटचं पाणी ओघळलं आणि गळ्यापाशी चरचरलं. खाली उतरल्यावर झुंबरबाईनं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. पुढचं घमेलं आलेलं होतं. पाण्याचं बोलायला तोंड राहिलं नाही. राहिली ती सोळा घमेली. ती बायकांनी ठरवलेली नव्हती.

ठरवणारा जीपमध्ये एसी लावून बसला होता. उदयसिंहाची पँट पांढरी, बूट पांढरे. काच खाली करून तो बाहेर थुंकला आणि हाक मारली, "शालूवैनी, डबं भरून घ्या बगा. ऊन चढाय लागलंय."

शालूबाई ओळीतून बाहेर पडली. आधी तिनं हात-पाय धुतले, तोंडावरून पाणी फिरवलं. मग कडुलिंबाखाली गेली. तिथं बुट्टीत धुतलेली खडी वेगळी काढून ठेवलेली होती, चाळलेली वाळू होती आणि एक पोतं नुसतं तिच्यासाठी फोडलेलं होतं. तिनं सढळ हातानं सिमेंट घेतलं, पाणी मात्र ओंजळीनं. पुरणाची कणीक तिंबावी तसं ते तिंबलं. तेल लावलेले सहा लोखंडी चौकोनी डबे पुढं मांडले आणि थरावर थर ठासत भरायला बसली.

अनुजा जवळ आली. "आई, काय करतेस?"

"साहेबाचं डबं भरतो की."

"मिक्सरमधलं का घेत नाहीस?"

कुणी देवाला उष्टं ठेवायला सांगितल्यागत शालूबाई लेकीकडं बघत राहिली. "ते राबणाऱ्याचं. ह्ये साहेबाचं. निवद काय पंगतीतला उचलून दावत्यात व्हय? आदी येगळा काडायचा, नीट रांधून."

"असं कुणी सांगितलं तुला?"

"सांगायचं काय त्यात? पैल्या वर्सी दादा म्हणलं, वैनी, तुमचा हात सच्छ हाय, डबं तुमीच भरा. बारा वर्सं मीच भरतोय. दवाखान्याचं मीच, पान्याच्या टाकीचं मीच, हायस्कुलाच्या माडीचं बी मीच. येक डबं माघारी आलं न्हाय अजून."

हे सांगताना तिचा चेहरा उजळला होता. त्या टाकीचं पाणी अनुजा लहानपणापासून पीत होती.

"त्या डब्यांतले ठोकळे सरकारी साहेब फोडून बघतात, आई. कॉलेजात यंत्र आहे. किती वजनाला फुटतं, त्यावरून स्लॅब किती पेलेल ते ठरतं."

शालूबाईचा हात थांबला. "फोडत्यात?"

"फोडतात."

"मला वाटलं, हापिसात ठेवत असतील. नमुना म्हणून." तिनं थापी घेतली आणि आधीच गुळगुळीत झालेला डबा पुन्हा गुळगुळीत केला. "पोरगी बघाय येत्यात तवा तिला बी चांगलंच लुगडं नेसिवत्यात की."

"पण पोरगी तीच असते. इथं दाखवायची एक आणि लग्नाला उभी करायची दुसरी."

शालूबाई उठली. "तुझा कागूद मिळू दे आदी," एवढंच म्हणाली आणि ओळीत जाऊन उभी राहिली.

दुपारी स्लॅबचं जेवण आलं. मसालेभात आणि जिलेबी. काम थांबवता येत नाही म्हणून चारचार जणी आळीपाळीनं जेवत होत्या. शालूबाईची पाळी आली तेव्हा ती हात धुवायला गेली. परत येऊन बसली, पुन्हा उठली, पुन्हा धुतले. चिंध्या सोडून तळहात बघत राहिली.

"काय गं शालू, उपास?" झुंबरबाईनं विचारलं. "खा की. आमच्या नातीच्या, निशिगंधाच्या शाळंचा स्लॅब हाय. जूनला पैलीत बसंल."

शालूबाईनं पत्रावळ बाजूला सारली. मिक्सरखाली घमेलं धरलं, ते भरून कडुलिंबाखाली नेलं, पुन्हा येऊन दुसरं नेलं. अनुजा वर स्लॅबवर होती. तिला दिसलं की आईनं सहाही डबे एकेक करून पालथे घातले, विसळले, तेलाचं बोट फिरवलं आणि मिक्सरमधलं पातळ काँक्रीट त्यात भरलं. आधीचं चांगलं तिनं फेकून दिलं नाही. शाळेच्या पायरीला थापून टाकलं. उदयसिंह जीपमध्ये फोनवर बोलत होता. त्याला काही दिसलं नाही आणि दिसलं असतं तरी बाईमाणूस काही थापतंय, एवढंच दिसलं असतं.

डब्यांतून काढलेले ते ठोकळे अठ्ठावीस दिवस हौदात भिजत पडले. अठ्ठाविसाव्या दिवशी पाऊस झिमझिमत होता. तीन ठोकळे उदयसिंहानं जीपच्या मागं टाकायला लावले. "तुझंच कालेज हाय, तूच घिऊन जा. त्र्यंबकसरास्नी फोन केलाय. रिपोर्ट आण, उद्या स्लॅबखालचं टेकू काढू. तुझा दाखला बी टाइप करून ठेवलाय बग."

लॅबमध्ये शिरल्या शिरल्या तो वास आला. तीन वर्षांत अनुजाला त्याची सवय झाली नव्हती. कबुतरांची शीट, ओलं सिमेंट आणि बेसिनमधला गुटखा. खडी चाळायच्या चाळणीत कुणीतरी खाल्लेल्या पोह्यांचा कागद टाकला होता, त्यावर कुणाच्या तरी वहीतला आलेख होता. त्र्यंबकसर टेबलाशी बसून शेंगदाणे सोलत होते. माणूस तसा मायाळू. पोरांची हजेरी कमी भरली तर स्वतः भरून टाकायचे.

"आलीस? ठेव तिथं खाली." त्यांनी ड्रॉवरमधून कागद काढला. "रिपोर्ट तयारच आहे. सव्वीस पूर्णांक आठ. वीस लागतं, म्हणजे उत्तमच."

"सर, फोडायचे नाहीत?"

"कशाला? वीज जाते, धूळ होते."

"मी कधी बघितलंच नाही सर, फुटताना. शिकायचंय."

सर खूश झाले. एवढ्या वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनी यंत्रावरची पालीची लेंडी कागदानं पुसली, तोच कागद खिशात ठेवला आणि बटण दाबलं. काटा चढायला लागला. वीस भरायला तो साडेचारशेपर्यंत जायला हवा होता. दोनशे चाळीसला ठोकळ्यातून हलकासा आवाज आला आणि काटा मागं फिरला. दुसरा दोनशे पस्तीसला गेला. तिसरा दोनशे पन्नासला. भिजलेल्या गुळाच्या ढेपेसारखे ते भुगा होऊन खाली बसले. सरांनी एक तुकडा उचलून नखानं खरवडला. वाळू गळली.

सरांनी यंत्राचं बटण बंद केलं.

"यंत्र जुनं आहे गं," सर म्हणाले.

"अकरा आलं सर. वीसच्या जागी अकरा."

"बाळ, इकडं बस." त्यांनी खुर्चीवरची टरफलं झटकली. "तुझी टर्म माझ्याकडं. तुझा दाखला त्याच्याकडं. शाळा कुणाकडं? सरकारकडं. मग सरकार बघेल ना. आई-वडील किती कष्टानं शिकवतात तुला, मला माहीत आहे. एका कागदासाठी वर्ष घालवू नको. 'चाचणी घेणार' इथं सही कर. विद्यार्थ्याची सही असली की बरं दिसतं."

ते रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं. ते तिच्याकडं मायेनं बघत होते आणि त्यांच्या मिशीत शेंगदाण्याचं फोलपट अडकलं होतं.

अनुजानं सही केली. सुवाच्य, पूर्ण नावानं. मग सरांनी चहा मागवला. कपाच्या काठाला कुणाच्या तरी ओठांचा वाळलेला डाग होता. चहा गोड होता. तिनं तो शेवटच्या घोटापर्यंत प्याला आणि घरी येईपर्यंत तिला सहीपेक्षा त्या चहाचीच किळस येत राहिली.

शालूबाई धार काढत होती. पिराजी म्हशीच्या तोंडाशी उभा होता.

"काय झालं?" वर न बघता शालूबाईनं विचारलं.

"अकरा आलं. वीस पाहिजे होतं."

"आन् कागदावर?"

"सव्वीस."

"सही कुणाची?"

"माझी."

चरवीतली धार थांबली. म्हशीनं पाय हलवला. मग धार पुन्हा सुरू झाली, पण आता ती चरवीच्या काठाला लागून बाहेर उडत होती.

"म्हंजे तू बी निवद दावलास," शालूबाई म्हणाली.

"मायलेकीचा हात सच्छ हाय," पिराजी म्हणाला आणि म्हशीच्या मानेवरून हात फिरवत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उदयसिंह आला तेव्हा बायका शाळेच्या आवारात बसलेल्या होत्या. हातोडे बाजूला ठेवलेले. पाऊस उघडला होता तरी खोलीत, टेकूंच्या रानात, स्लॅबमधून ठिबकत होतं. पोरांना समाजमंदिरात सोडून आलेले चार-दोन बाप कंपाउंडाला टेकून उभे होते. गावात गोष्ट फिरायला रात्र पुरते.

"उठा की. टेकू काढायचं नव्हं?"

"स्लॅब कच्चा हाय म्हंत्यात," झुंबरबाई म्हणाली.

"कोण म्हंतंय?" उदयसिंहानं जीपमधून रिपोर्ट काढला, हवेत धरला. "सव्वीस आलंय, सव्वीस. आन् सही कुणाची हाय? तुमच्याच शालूच्या पोरीची. घे गं इंजिनेर, मोठ्यानं वाचून दाव यास्नी."

कागद अनुजाच्या हातात आला. तिची सही खाली होती. शाळेत अक्षराला बक्षीस मिळालेलं होतं, तेच अक्षर. उदयसिंहाच्या शर्टाच्या खिशातून पाकिटाचं टोक दिसत होतं, त्यात तिचं चौथं वर्ष होतं. ती आईकडं बघेल असं सगळ्यांना वाटलं. शालूबाई मात्र मान खाली घालून हाताची चिंधी सारखी करत होती. तिनं मुद्दामच लेकीला नजर दिली नाही.

महिनाभर साइटवर पुस्तकातलं बोलणारी अनुजा आता गावातलंच बोलली. "सही माझी हाय. आकडा खोटा हाय. यंत्रात अकराच आलं. मी बघितलं आन् सव्वीसावर सही केली."

कंपाउंडाला टेकलेला एक बाप सरळ उभा राहिला.

उदयसिंह चिडला नाही. हसला. खिशातलं पाकीट काढून त्यानं ते तिला दाखवलं आणि परत आत सारलं. "आसं व्हय. मग खोटी सही करणाऱ्या पोरीला मी दाखला कसा द्यायचा? माझं बी काय नाव हाय का न्हाय?"

शालूबाई उठली. पदर खोचला. हातोडा घेतला.

"बरूबर हाय दादा. पोरीचं काय ऐकायचं? कागदावर सव्वीस हाय ते खरं. आमी काडतो टेकू." बायका चमकून तिच्याकडं बघायला लागल्या. "तुमी फकस्त आत जाऊन मदोमद उभं ऱ्हावा."

"मी? मी कशाला?"

"आमी रोज उभं ऱ्हातोय की. उद्यापास्नं पोरं बसतील, दहा ते पाच. तुमास्नी घटकाभरच."

झुंबरबाईनंही हातोडा उचलला. मग बाकीच्या उठल्या.

उदयसिंह पुन्हा हसला. त्यानं कंपाउंडाकडं बघितलं. मग पँट चिमटीत धरून तो दारापर्यंत गेला आणि एक पांढरा बूट आत टाकला. शालूबाई त्याच्या शेजारून आत शिरली, पहिल्या टेकूपाशी जाऊन उभी राहिली आणि वाट बघू लागली. तिनं हातोडा टेकूला नुसता टेकवला. टक्क असा लहानसा आवाज झाला.

उदयसिंहानं वर बघितलं.

बराच वेळ तो वर बघत होता. बाहेरून अनुजाला त्याचा गळा दिसत होता, दाढी केलेला, पावडर लावलेला. वरून एक थेंब त्याच्या बाहीवर पडला. त्यानं तो झटकला.

"आत चिखल हाय," तो म्हणाला. "बूट खराब हुत्यात."

त्यानं पाय मागं घेतला, पायरीवर बूट घासून पुसला आणि जीपकडं गेला. "नंतर बगू," हे त्यानं काच वर करता करता म्हटलं. जीप गेली. पाकीटही गेलं.

कंपाउंडाजवळचे बाप आत येऊन दारातून वर बघायला लागले. "सोमवारी ग्रामसभा लावा म्हणावं सरपंचाला," एक जण म्हणाला. "साहेब बी हितंच बोलवा. हितं, आत."

शालूबाई बाहेर आली आणि लेकीजवळ बसली. दोघींचे हात मांडीवर पडलेले.

"वर्स जाईल तुझं," ती म्हणाली.

"जाईल."

"माझं काम बी गेलं."

"व्हय."

शालूबाईनं हनुवटीनं स्लॅब दाखवला. "आता ह्ये पाडाय किती मानसं, किती दिस लागतील, त्ये काड बगू. शिकलैस न्हवं तीन वर्सं."

अनुजानं एक काडी उचलली आणि ओल्या मातीवर खोलीची लांबी मांडली, रुंदी मांडली, जाडी मांडली. झुंबरबाई वाकून बघत होती. तिला आकडे कळत नव्हते, पण ती बघत होती.

"माझं येक मानूस धर त्यात," ती म्हणाली.

"रोजानं?" शालूबाईनं विचारलं.

"पाडाय फुकट," झुंबरबाई म्हणाली. "बांधाय न्हाय."